सामाईक विहीर, सामाईक प्रिंटर

१/ धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर, किंवा तुळजापूर, उमरगा, परंडा यांपैकी कोणत्याही तहसील कचेरीसमोर उभे राहा. 'झेरॉक्स' ही पाटी दिसल्यावाचून राहणार नाही. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की मुळात ते एका अमेरिकी कंपनीचे नाव आहे, याचेही भान राहत नाही. घरातले दोन संगणक आज एकच प्रिंटर वापरतात आणि एकमेकांतील फाइली उघडतात. या सोयीची सुरुवातही त्याच कंपनीच्या एका प्रयोगशाळेत झाली. आजचा धागा या सोयीच्या इतिहासाविषयी.

२/ विषय किरकोळ वाटेल. राजे नाहीत, लढाया नाहीत. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. वस्तू एक आणि हक्कदार अनेक असतील, तर पाळी कोणाची? लिहिण्याचा अधिकार कोणाचा? भरवसा कोणावर ठेवायचा? आपल्याकडच्या जुन्या दप्तरांत हा प्रश्न पानोपानी भेटतो आणि संगणकांच्या इतिहासातही तोच भेटतो. तार ओढणे सोपे असते, नियम ठरवणे अवघड असते. हा धागा वाचून एवढे एक सूत्र लक्षात राहिले तरी पुरे.

३/ सुरुवात सातबाऱ्यापासून करू. भावाभावांत जमिनीची वाटणी होते, बांध पडतात, गट फुटतात. पण विहीर फोडता येत नाही. ती सामाईक राहते. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात विहिरीतील हिश्शाची नोंद होते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात: अमुक दिवस थोरल्याचे, अमुक दिवस धाकट्याचे. पर्जन्यछायेतील आमच्या जिल्ह्यात या पाळीवरून किती भांडणे होतात, हे कोणत्याही खेड्यात विचारावे. इंग्रजीतील 'शेअर' या शब्दाचा साधा अर्थही हिस्सा असाच आहे.

४/ प्रिंटर हा विहिरीसारखा. तो फोडून वाटता येत नाही आणि एका वेळी एकाचेच काम करतो. फाइलीचे तसे नाही. ती एकाच वेळी दहा जण वाचू शकतात, त्याने ती झिजत नाही. मात्र दोघांनी एकदम तिच्यात लिहायला घेतले की घोटाळा होतो. म्हणजे प्रिंटरच्या बाबतीत प्रश्न पाळीचा आणि फाइलीच्या बाबतीत प्रश्न लेखणीचा. पहिल्याला उपमा विहिरीची, तर दुसऱ्याला दप्तराची.

५/ दप्तर म्हणजे काय, हेही पाहू. मराठी मुलखात गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे असे. निजामाच्या राज्यात त्यालाच पटवारी म्हणत. हे काम पिढीजात वतनाचे होते आणि दप्तर बहुधा त्याच्या घरीच असे. कागद रुमालात, म्हणजे कापडाच्या बस्त्यात, बांधून माळवदाच्या घरात फडताळावर ठेवलेले असत. पुण्याच्या पुराभिलेखागारातही मोडी कागदांचे गठ्ठे 'रुमाल' याच नावाने ओळखले जातात. थोडक्यात, गावाची फाइल गावाच्या मालकीची, पण राहायला एका घरात.

६/ मग घरात वाटणी झाली की काय होई? वतनाचे उत्पन्न भावांत वाटता येई, पण दप्तर एकच. ते कोणाच्या घरी राहायचे, यंदा लेखणी कोण चालवणार, शिक्का कोण करणार, यावर पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. गोतसभेपुढे वाद जाई, महजर होत. मराठा काळाच्या साधनांत वतनाच्या तंट्यांचे कागद विपुल आहेत, त्याचे एक कारण हेच. हक्क अनेकांचा आणि नोंदवही एक, ही स्थिती शांततेने फार दिवस टिकत नाही.

७/ त्या काळाने यावर उपाय शोधले होते. मूळ कागद तो 'अस्सल', त्याची प्रत ती 'नक्कल' किंवा 'तालीक'. प्रतीवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असे लिहून ती मूळाशी ताडून पाहिल्याची ग्वाही दिली जाई. कागदाच्या शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर येथे संपला हे दाखवणारी मुद्रा, उमटवली जाई. तिच्यानंतर कोणी ओळ वाढवली तर ती लगेच उघडी पडे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो. वाचा, पण लिहू नका, हे सांगण्याची ती रीत होती.

८/ आमच्या जिल्ह्यात तर दप्तराचे धनीही वारंवार बदलले. १८५३ साली निजामाने हा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. मेडोज टेलर हा लेखक-प्रशासक तेव्हा येथे कारभार पाहत होता. १८६० साली तो निजामाकडे परत गेला. १८८० च्या दशकात हैदराबादच्या दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९४८ चे हैदराबाद मुक्तिपर्व, १९५६ साली मुंबई राज्यात समावेश, १९६० साली महाराष्ट्र आणि ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा. त्यामुळे एकाच गावाचे कागद मोडी, फारसी, उर्दू, इंग्रजी आणि बाळबोध मराठीत, वेगवेगळ्या ठिकाणी पडून असतात.

९/ हा पाया पक्का झाल्यावर आता त्या 'झेरॉक्स'कडे वळू. प्रतिमुद्रण यंत्रांवर श्रीमंत झालेल्या या कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र काढले. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ च्या सुमारास लेसर प्रिंटर चालवून दाखवला. १९७३ साली तेथेच 'आल्टो' हा एका माणसाने एकट्याने वापरण्याचा संगणक तयार झाला. प्रत्येक मेजावर एक आल्टो ठेवता येणार होता, पण प्रत्येक मेजाशेजारी लेसर प्रिंटर ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते. संगणक अनेक आणि प्रिंटर एक. विहिरीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

१०/ हा प्रिंटर सेकंदाला सुमारे एक पान छापू शके. इतक्या वेगाने पाने पुरवायची तर त्या काळच्या संथ तारा अपुऱ्या होत्या. २२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी एका टिपणात नव्या जाळ्याची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. तिचे नाव 'ईथरनेट'. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. आपल्या राउटरला आज जी तार जोडतो, ती याच घराण्याची. स्थानिक जाळे जन्माला आले, त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक हा सामाईक प्रिंटर होता.

११/ ईथरनेटमध्ये पाळी ठरवणारा पाटील नव्हता. सगळे संगणक एकाच जाड तारेवर. नियम असा: बोलण्याआधी ऐका. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबा. दोघे एकदम बोललात तर दोघेही गप्प व्हा, प्रत्येकाने मनाने काही क्षण मोजा आणि पुन्हा प्रयत्न करा. ही प्रेरणा हवाई बेटांवरील 'अलोहानेट' या रेडिओ-जाळ्यातून आली होती. वरचा अधिकारी नसतानाही केवळ सभ्यतेच्या नियमावर गर्दी चालू शकते, हे त्यातून दिसले.

१२/ पण तारेवरची पाळी क्षणाच्या अंशाची, प्रिंटरवरची पाळी मात्र मिनिटांची. तेवढा वेळ संगणकाने ताटकळत का राहावे? यावरचा उपाय ईथरनेटहून जुना, मोठ्या संगणकांच्या काळातला आहे: 'स्पूल'. छापायचा मजकूर आधी डिस्कवर साठवायचा आणि प्रिंटर मोकळा होईल तसा एकेक पुढे सोडायचा. मोटेचे पाणी थेट पाटात न सोडता आधी हौदात घेतल्यासारखे. आज आपल्या संगणकात 'प्रिंट स्पूलर' नावाची जी सेवा मागे चालू असते, ती हाच हौद सांभाळते.

१३/ सामाईक प्रिंटरने एक चळवळही घडवली. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर मिळाला. तो दुसऱ्या मजल्यावर, आणि कागद सारखा अडके. जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय केली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सर्वांना निरोप जाई आणि कोणीतरी जाऊन तो काढी. नव्या यंत्राच्या प्रणालीचा मूळ मजकूर मात्र कंपनीने दिलाच नाही.

१४/ तो मजकूर ज्याच्याजवळ होता, अशा दुसऱ्या विद्यापीठातील एकाकडे स्टॉलमन गेले. गुप्ततेचे वचन दिले आहे, असे सांगून त्याने नकार दिला. यंत्र सर्वांचे, पण ते चालवणारा नियम एकाच्या कुलपात, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. पुढे २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. एकट्या प्रिंटरमुळे हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण स्टॉलमन स्वतः ही कथा वारंवार सांगत आले आहेत.

१५/ ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा 'पीसी' आला आणि चित्र उलटले. आता प्रत्येकाचा संगणक स्वतंत्र. जणू संयुक्त कुटुंब मोडून चुली वेगळ्या झाल्या. फाइल द्यायची तर फ्लॉपी हातात घेऊन चालत जायचे. १९८४ साली एचपीचा 'लेसरजेट' बाजारात आला, तो ३,४९५ डॉलरना. म्हणजे चुली वेगळ्या झाल्या तरी विहीर पुन्हा एकच. १९८३ साली नॉव्हेलने 'नेटवेअर' आणले: एक संगणक दप्तरदार व्हायचा, फाइली आणि प्रिंटर त्याच्या ताब्यात, बाकीचे त्याच्याकडे मागणी करायचे.

१६/ त्याच सुमारास आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी एक संवादपद्धती आखली. ती पुढे 'एसएमबी' या नावाने ओळखली जाऊ लागली. एका संगणकाने दुसऱ्याला काय विचारावे, त्याने काय उत्तर द्यावे, फाइल कोण उघडू शकेल, दोघांनी एकदम लिहायला घेतले तर कोणाला थांबवावे, याचे हे नियम. मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली. विंडोजमध्ये आपण दुसऱ्या संगणकातील फोल्डर उघडतो, तेव्हा हीच भाषा, अर्थात पुष्कळ सुधारलेल्या रूपात, चालू असते.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला भावेल अशी एक गोष्ट येथे येते. डिसेंबर १९९१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील पीएचडीचे विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांना दोन वेगळ्या जातीच्या संगणकांत फाइली सामाईक करायच्या होत्या. नियमांची पोथी हाताशी नव्हती. त्यांनी तारेवरून जाणारे निरोप टिपले, प्रश्न आणि उत्तर जुळवत भाषा उलगडली. वाचता येणारा एक कागद शेजारी ठेवून न वाचता येणारी मोडी उलगडावी, तशीच ही रीत. त्यातून 'सांबा' निर्माण झाले. एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने ज्यात येतात असा शब्द शोधून हे नाव ठेवले.

१८/ ऑक्टोबर १९९२ मध्ये 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' आले आणि दप्तरदाराची गरज संपली. आता कोणताही संगणक आपला फोल्डर किंवा आपला प्रिंटर इतरांसाठी खुला करू शके. सगळे समान, वर कोणी नाही: निव्वळ भाऊबंदांचा कारभार. १९९५ च्या विंडोजमध्ये 'नेटवर्क नेबरहुड' असे चिन्हच पडद्यावर आले. नेबरहुड म्हणजे शेजार. शेजारी ओळखीचेच असणार, हे त्यात गृहीत होते. हे गृहीतक लक्षात ठेवा, पुढे ते महागात पडणार आहे.

१९/ हे सारे मराठवाड्यात कसे पोहोचले? बहुतेकांची पहिली भेट घरात नव्हे, वर्गात झाली. २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यांत त्याची केंद्रे निघाली. एका खोलीत ओळीने मांडलेले संगणक, मध्ये एक स्विच आणि कोपऱ्यात एकच प्रिंटर, अशी ती मांडणी. शासकीय नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागू लागले तशी तेथे शिक्षक, लिपिक, तलाठी सगळेच आले. आपल्या मागच्या पिढीने 'प्रिंट दिली, पण आली नाही' हा अनुभव प्रथम तेथे घेतला.

२०/ मराठीत तर आणखी एक अडचण होती. आपली अक्षरे संगणकात कशी साठवायची, यावर एकमत नव्हते. 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ चे, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छपाईच्या दुकानांत जो तो आपापल्या फाँटमध्ये टंकलेखन करी. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की अर्ज उघडताच अगम्य चिन्हे दिसत. फाइल सामाईक झाली, पण लिपी सामाईक नव्हती. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय आली, तरी जुन्या फाँटमधील फाइली आजही अनेक कचेऱ्यांत अडून बसलेल्या दिसतात.

२१/ नुसते जाळे विणून भागत नाही, याचे एक महाराष्ट्रीय उदाहरण वारणेचे. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे काढून ती वारणेच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडायची, असा तो बेत. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले, तेव्हा प्रत्यक्षात या केंद्रांतून मुख्यतः उसाच्या नोंदी, खताचा हिशेब अशी थोडकी माहिती ये-जा करत होती. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर आणले गेले, आणि ते चालले.

२२/ वारणेपासून घ्यायचे ते असे: शेतकऱ्याला संगणक नको होता, त्याला स्वतःच्या नोंदीपर्यंत पोहोचायचे होते. सातबाऱ्याचेही तसेच. तलाठ्याच्या कपाटातली वही संगणकात गेली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आता तो लोहाऱ्यातल्या घरात बसूनही छापता येतो. त्यावरची डिजिटल स्वाक्षरी म्हणजे नव्या काळाचे मोर्तब: मजकूर एका अक्षरानेही बदलला तर ती जुळत नाही.

२३/ आता घराकडे. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत जाळ्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला 'पाहुणा' मानले जाई. नाव नाही, परवलीचा शब्द नाही. २००९ च्या विंडोज ७ मध्ये 'होमग्रुप' आले: घराला एक सामाईक परवलीचा शब्द द्यायचा आणि फाइली, प्रिंटर आपोआप सर्वांना खुले व्हायचे. २०१८ साली ते काढूनही टाकले गेले. घरातल्यांमध्ये नियम कशाला, ही भावना गोड आहे. पण वतनाचे तंटेही घरातल्यांमध्येच होत होते.

२४/ १२ मे २०१७ रोजी त्या भरवशाची किंमत जगाने मोजली. 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर किडा सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरला; ब्रिटनमधील रुग्णालये ठप्प झाली. तो शिरला एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील दोषातून. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. एका संगणकात आला की तो त्याच जाळ्यातील शेजारी शोधत फिरे. ज्या दारातून आपण फाइली देत-घेत होतो, तेच दार त्याने वापरले.

२५/ त्यानंतर विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती पहिली एसएमबी मुळात बंद ठेवली जाऊ लागली. २०२१ साली 'प्रिंट स्पूलर'मध्येच गंभीर दोष सापडला आणि त्याच्या दुरुस्त्यांनंतर कित्येक ठिकाणी सामाईक प्रिंटर चालेनासे झाले. जुना संगणक नव्याला दिसत नाही, कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज नकार देतो, या घरोघरच्या तक्रारींमागे बहुधा हाच इतिहास असतो. म्हणून चिडून सगळी कुलपे काढू नयेत. ती का बसवली गेली, हे आधी समजून घ्यावे.

२६/ हे मी स्वतः चूक करून शिकले. आमच्या भाऊबंदांकडून काही मोडी कागद स्कॅन करायला मागून आणले होते. घरात दोन संगणक, एक प्रिंटर. सोयीसाठी स्कॅनचे फोल्डर सर्वांना खुले केले, वाचायला आणि लिहायलाही. घरातल्या एकाने छापण्यासाठी एक चित्र सरळ केले, कडा कापल्या आणि त्याच नावाने जतन केले. कापलेल्या कडेत शिक्क्याचा अर्धा भाग होता. दुसरी प्रत मी ठेवलेली नव्हती.

२७/ मूळ कागद तोवर परत दिला होता. पुन्हा मागायला गेले तेव्हा पावसाळा उलटून गेला होता आणि त्याच कोपऱ्याला कसर लागली होती. शिक्का अर्धाच राहिला, कागदावर आणि संगणकातही. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला सरळ चित्र हवे होते. दोष माझा. ज्या काळाच्या कागदांवर मोर्तबाचा अर्थ मी शिकत होते, त्या काळातल्या कारकुनाएवढीही काळजी मी घेतली नव्हती.

२८/ म्हणून घरातल्या जाळ्यासाठी चार नियम. पहिला: फोल्डर सामाईक करताना इतरांना केवळ वाचण्याची परवानगी द्या, लिहिण्यासाठी वेगळे फोल्डर ठेवा. दुसरा: घराच्या जाळ्याला 'खासगी' असे चिन्हांकित करा, पण परवलीचा शब्द काढू नका. तिसरा: प्रिंटर तारेने ज्या संगणकाला जोडला आहे, तो चालू असेल तरच इतरांना छापता येईल, ते नको असेल तर प्रिंटर थेट राउटरला जोडा. चौथा: दुरुस्त्या येतात तशा बसवत जा.

२९/ पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. सामाईक करणे म्हणजे प्रत करणे नव्हे. दहा संगणकांवर दिसणारी फाइल एकाच डिस्कवर असते. ती गेली की दहाही जणांची गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली, सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या त्या घरांत जे काही होते ते ढिगाऱ्याखाली गेले. एकाच घरात असलेल्या वस्तूचे भवितव्य त्या घराशी बांधलेले असते. तेव्हा अस्सल एका जागी, नक्कल दुसऱ्या गावी.

३०/ अशा नोंदींचे मोल काय, ते २०२३ साली मराठवाड्याने पाहिले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि निजामकालीन उर्दू कागद व मोडी नोंदी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज पडली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो; एका ओळीच्या नोंदीवर माणसाचे भवितव्य ठरू शकते, आणि ती ओळ कोणाच्या ताब्यात आहे, कोणाला वाचता येते, हा प्रश्न जुना झालेला नाही, हे सर्वांनाच दिसले.

३१/ पालो आल्टोतील त्या तारेला आता ५० वर्षे उलटून गेली. वेग हजारो पटींनी वाढला, तारही पुष्कळ घरांतून नाहीशी झाली. पाळी, लेखणी आणि भरवसा हे तीन प्रश्न मात्र जसेच्या तसे आहेत, आणि त्यांची उत्तरे प्रत्येक घराला स्वतःच द्यावी लागतात.

३२/ तुमच्या घरी फडताळावर एखादा रुमाल असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत तो सोडा. कागद उजेडात, सपाट ठेवून स्कॅन करा. कडा कापू नका, त्यांतही इतिहास असतो. मूळ स्कॅन वेगळे, कामाची प्रत वेगळी. एक प्रत भाऊबंदांकडे पाठवा, त्यांच्याशी बोलणे नसले तरी पाठवा. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारे पुष्कळ मित्र या धाग्याच्या वाचकांत आहेत. धागा समाप्त.